चूकभूल द्यावी घ्यावी

'सांगावा'चा इतिहास लिहून द्या म्हणाले,
नव्वदीचा अंक निघतोय, एक कॉलम, तीनशे शब्दांत बसवा.
मी मुद्रितशोधक. पन्नास वर्षं
दुसऱ्यांचं वाचत आलो.
मला चुकाच आठवतात.

पहिली चूक नावातच. साल एकतीस.
मथळ्याचा ब्लॉक पुण्याहून यायचा होता, आला नाही,
मग शाहूपुरीतल्या सुतारानं सागवानात
उलटी अक्षरं कोरून दिली, रातोरात.
टिंब राहिलं.
'सागावा.'
गाव म्हणालं, लाकडाची वखार काढली काय?
नरसिंगराव खराडे म्हणाले, टिंब हातानं देऊ.
मग रोज पहाटे त्यांच्या तिघी लेकी
ओळीनं बसून देत राहिल्या
चारशे प्रतींवर चारशे टिंबं,
सात महिने.
तिघींपैकी एकीचंही नाव
अंकात कधी आलं नाही. तीही एक चूक धरा.

कागद नॉर्वेचा.
गठ्ठ्याच्या पट्टीवर तसं छापलेलं असायचं.
बाबूलाल जमादार, आमचे थोरले जुळारी, सांगायचे,
नवा गठ्ठा फोडला की गार वास यायचा,
कुठल्या झाडाचा, ते अख्ख्या गंगावेशीत कुणाला ठाऊक नव्हतं.
तिथंबी आसंल की रं एखादं गाव, म्हणायचे,
खाडीकाठचं, चार पानांचा पेपर,
बोटींच्या वेळा, मासळीचा दर, कुणाचं तरी बारसं,
आन् शिशानं बोटं काळी झालेला
माझ्यासारखाच कोण तरी.
चाळीस साली तो मुलूख जर्मनांनी घेतला
आणि इकडं 'सांगावा' पोस्टकार्डाएवढा झाला.
गुळाच्या दराला जागा उरली, अग्रलेखाला नाही.
एकाही वाचकानं तक्रार केली नाही.

मी आलो एकाहत्तरला, खिळे वेचायला.
आमच्याकडं 'ळ' पुरायचा नाही.
गूळ, रंकाळा, पन्हाळा, शिरोळ, राधानगरीचा घोळ,
चार बातम्यांत खण रिकामा.
मग समोरच्या प्रेसमधून उसना, वाटीभर,
साखर आणावी तसा.

'पैलवान सातवेकर हसला.'
हरला होता. गच्च भरलेल्या खासबागेत, चौथ्या मिनिटाला.
'र'च्या खणात 'स' पडलेला, एवढंच.
दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. उजेड गेला आतला.
मी ट्रेडलच्या मागं.
म्हणाला, दोन अंक द्या जादा,
आईला वाचून दाखवलं,
म्हातारी म्हणाली, बरं केलंस बाबा.

कागलकडच्या एका घरी आम्ही 'शुभविवाद' छापला.
सहा वर्षांनी कोर्टाची नोटीस छापायला आली
तेव्हा कळलं, दुरुस्ती नको होती.

शहाण्णवला खिळे मोडीत निघाले, किलोवर.
तवनाप्पा मशीनवाला काट्याकडं पाठ करून
विडी ओढत बसला. पेटवली नव्हती.
मी एक 'ळ' खिशात टाकला.
चोरी म्हणा. आता बोला कुणाला बोलायचंय ते.

एकोणीसच्या ऑगस्टात जयंती नाला आत आला.
तळमजल्यावर फायली, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, कापडी पाठीच्या.
पाच दिवस पाणी.
नंतर उचलायला गेलो तर हाताला
शेवयाच्या पिठासारखं काहीतरी लागलं.
त्यातच असणार तिघींची टिंबं.
अंक मात्र चुकला नाही, एक पान, गडहिंग्लजला छापून.
मथळा फोनवरून मला ऐकवला, लाइन तुटत होती,
मी म्हणालो, हो, बरोबर, सोडा.
सकाळी बघितलं:
'पूर विसरला.'
ओसरला हवं होतं.
शुद्धिपत्र लिहिलं, दिलं नाही.
अजून आहे चष्म्याच्या घरात.

तीनशेच्या वर गेले असतील शब्द. कापा हवे तिथून,
लेकींचं तेवढं राहू द्या.
आणि दुसऱ्या कुणाकडून एकदा नजरेखालून घाला,
मला माझ्या अक्षरातलं
काहीच चुकलेलं दिसत नाही.